विचारून सांगते

खोली बघायला गेले त्या दिवशी सिस्टरांनी मला पंख्याखाली बसवलं आणि तांब्याभर पाणी दिलं. माझं गाव कुठलं, वडील काय करतात, मला सुकी मासळी चालते का, हे सगळं विचारून झालं आणि शेवटी त्या म्हणाल्या, "खोली द्यायची की नाही ते विचारून सांगते. गुरुवारी ये."

मला वाटलं, घरात यजमान असतील, नाहीतर मुंबईत मुलगा असेल. गुरुवारी गेले तेव्हा शेजारचे नाना फाटकाशी पोफळींना पाणी लावत उभे होते. घरात यजमान आहेत का, असं मी त्यांना विचारलं.

"यजमान कुठले? एकल्याच हायेत त्या," नाना म्हणाले. "त्या देवाला इचारतात. आज झालं असंल इचारून. जा आत."

आत सिस्टर वाटच बघत होत्या. "ये. तुझ्याबद्दल उत्तर काही आलं नाही," त्या म्हणाल्या. "पण नको असंही आलं नाही. म्हणून मी माझ्या अकलेनं हो म्हणते. उद्या आपलं पटलं नाही, तर बोल मला लावायचा. देवाला नाही."

मी चोवीस वर्षांची होते. माणगावजवळच्या आमच्या खेड्यातून पहिल्यांदाच बाहेर राहायला आले होते. अलिबागच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी लागली होती, आणि रेवदंड्याच्या रस्त्यावरच्या त्या गावात खोली स्वस्त मिळते असं कळलं होतं. ख्रिस्ती माणसाच्या घरात मी तोपर्यंत पाऊलही टाकलं नव्हतं. पुढची चार वर्षं मी तिथं राहिले.

सिस्टर म्हणजे नन नव्हे. त्या मिशनच्या एका दवाखान्यात नर्स होत्या, छत्तीस वर्षं. निवृत्त होऊनही गाव त्यांना सिस्टरच म्हणायचं. मूळच्या त्या घाटावरच्या, नगरकडच्या. लग्न केलेलं नव्हतं. उंच, हडकुळ्या, केसांचा घट्ट अंबाडा. साडी कायम पांढरी आणि तिला इतकी खळ, की त्या बसल्या की कागद दुमडल्यासारखा आवाज यायचा.

पहाटे साडेपाचला मागच्या पडवीत वेताच्या मोड्यावर त्या प्रार्थनेला बसायच्या. मी आपली समजत होते, प्रार्थना म्हणजे हात जोडून, डोळे मिटून काहीतरी म्हणायचं. सिस्टर डोळे उघडे ठेवून, गुडघ्यांवर हात ठेवून, वाडीकडं बघत गप्प बसायच्या. दवाखान्याच्या बाकावर नाव पुकारायची वाट बघत बसावं, तशा. एकदा न राहवून मी विचारलंच.

"डोळे मिटले की मला झोप लागते," त्या म्हणाल्या. "आणि बोलायचं ते माझं दोन मिनिटांत होतं. त्याला सगळं ठाऊकच असतं. उरलेला वेळ ऐकायचा."

"काय ऐकू येतं?"

"आधी नानांचा पंप. मग कावळे. मग माझीच बडबड. धुणं, गॅस, कुणी मला काय टोचून बोललं ते. ही बडबड थकायला अर्धा तास जातो. ती थकली की मग कधीतरी काहीतरी."

"आवाज येतो?"

"आवाज कुठला येतोय, पोरी. विसरलेलं काही एकदम आठवावं, तसं होतं. आणि ते बहुतेक वेळा माझ्या गैरसोयीचं असतं. सोयीचं असलं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही."

मनात आलेलं काहीही त्या तीन दिवस तसंच ठेवायच्या. मग चर्चच्या पाळकांना सांगायच्या, आणि नानांनाही. नाना सोमवारचे उपासवाले, दर वर्षी कनकेश्वराचा डोंगर चढणारे. त्यांना ह्यातलं काय कळणार, असं मी एकदा म्हटलं. "नाना गेल्या वीस वर्षांत एकदाही माझ्या बाजूनं बोललेले नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "असा माणूस जवळ लागतो."

नानांनी वाडीत दोन खोल्या पर्यटकांसाठी बांधल्या होत्या. सिस्टरांच्या कुंपणालगतचा माड त्या खोल्यांच्या अंगणावर झुकलेला, आणि मुंबईच्या गाड्या नेमक्या त्याच्याखाली उभ्या राहायच्या. माड तोडा म्हणून नाना मागं लागले. सिस्टर म्हणाल्या, विचारून सांगते. तीन आठवडे गेले. रोज सकाळी नाना कुंपणापलीकडून हाक मारायचे, "आला का निरोप?" शेवटी एके दिवशी सिस्टर म्हणाल्या, "आला. माडाविषयी काही नाही. तुमच्याशी मी तुसडेपणानं बोलते, ते सोडायचं, एवढंच आलं." नाना आपल्या वाडीत निघून गेले. मग त्यांनीच माणूस बोलावून गाड्यांसाठी पलीकडं जागा साफ करून घेतली. माड अजून आहे.

लोक हसायचे त्यांना. मीही हसायची. सिस्टरांना त्याचं काही वाटत नसे. पण एका बाबतीत त्या फार कडक होत्या. 'देवानं मला सांगितलं' असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. चर्चमध्ये एखादा उत्साही माणूस उभा राहून तसं म्हणाला, की ह्या मागच्या बाकावरून, "'मला वाटतं' म्हणा," असं स्पष्ट ऐकू जाईल इतपत मोठ्यानं बोलायच्या. एकदा मला ताप भरला होता, आणि मी कुणालाही सांगितलेलं नसताना सिस्टर पेजेचं भांडं घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी भारावून म्हटलं, "तुम्हाला देवानं सांगितलं ना?"

"तुझा खोकला भिंतीतून ऐकू येतो," त्या म्हणाल्या. "त्याला देव कशाला लागतोय? पी गरम आहे तोवर."

एका बुधवारी सकाळी त्यांनी मला अर्धा दिवस रजा टाकायला लावली. त्यांच्या दवाखान्यात पूर्वी एक आया होती. तिचं नाव तीन दिवस त्यांच्या मनातून जात नव्हतं. ती रेवसला राहायची. मी स्कूटी काढली, त्या मागं एका बाजूला पाय सोडून बसल्या, मांडीवर डब्यात उपमा. तासाभरानं पोहोचलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, म्हातारी परवाच लाँचनं मुंबईला, भाऊच्या धक्क्याला उतरून नातवाच्या बारशाला गेलीय, मजेत आहे, महिनाभर यायची नाही.

रस्ताभर मी मनात काय काय रचलं होतं. म्हातारी पडलेली असेल, एकटी कण्हत असेल, आम्ही वेळेवर जाऊ. सिस्टर शांतपणे धक्क्यावर जाऊन बसल्या आणि त्यांनी डबा उघडला.

"चुकले मी," त्या म्हणाल्या. "खा."

"मग आपण आलो ते फुकटच की."

"तिची आठवण काढत इतका रस्ता आलो, ते फुकट कसं?" त्यांनी उपम्याचा घास घेतला. "मी निम्म्याहून जास्त वेळा चुकते. चुकणार नाही असं ठरवलं, तर घरातून बाहेरच पडायला नको."

त्या खेपेतून पुढंही काही निघालं नाही. म्हातारी परत आली, खुशाल राहिली. पण समोर ओहोटीचा चिखल आणि मांडीवर डबा घेऊन निवांत बसलेल्या सिस्टर, हे माझ्या डोळ्यांसमोर आजही जसंच्या तसं येतं.

दुसऱ्या वर्षी मला स्थळ आलं. मुलगा पेणचा, नवी मुंबईत कंपनीत नोकरीला, स्वतःचा फ्लॅट. बघायला आले तेव्हा मुलाच्या आईनं, लग्नानंतर मी नोकरी करायची गरज नाही, असं दोनदा सांगितलं. मुलगा काहीच बोलला नाही. घरचे खूश होते. मला काही सुचत नव्हतं. माझी आई मुद्दाम एसटीनं आली, तांदळाची पिशवी घेऊन, आणि सिस्टरांसमोर जमिनीवर बसली.

"सिस्टरबाय, तुमच्या देवाला जरा इचारा," ती म्हणाली. "आमच्या पोरीचं ह्या घरात बरं व्हईल का न्हाय. देव काय, सगल्यांचा येकच."

सिस्टरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ओठ पांढरे पडले होते. "नाही," त्या म्हणाल्या. "मी नाही विचारणार." आणि उठून आत गेल्या.

आईला ते फार लागलं. आपण परक्या धर्माचे म्हणून सिस्टर नाही म्हणाल्या, असंच ती समजली. तांदळाची पिशवी तिथंच ठेवून दुपारच्या गाडीनं ती निघून गेली.

संध्याकाळी लॅबमधून आले ती सरळ पडवीत गेले. चपलाही काढल्या नाहीत. एका माडासाठी तुम्ही तीन आठवडे देवाला विचारता आणि माझ्यासाठी एकदा विचारता येत नाही, असं मी म्हटलं.

"दुसऱ्यासाठी मी एकदा विचारलंय," सिस्टर म्हणाल्या. "बस."

त्यांना एक भाऊ होता. आठ वर्षांनी धाकटा. आई लवकर गेलेली, वडील आजारी. सिस्टरांनी आपल्या पगारावर त्याला शिकवलं आणि इथं आपल्याजवळ आणलं. दवाखान्यात शिकायला येणाऱ्या मुलींत रेवदंड्याची एक कोळ्याची मुलगी होती. दोघांचं जमलं. तो सिस्टरांकडं आला आणि म्हणाला, ताई, तू प्रार्थनेत विचार. तू सांगशील तसं करीन. सिस्टर तीन दिवस बसल्या. चौथ्या दिवशी त्यांनी सांगितलं, प्रभू नको म्हणतो.

"त्यानं एक शब्द विचारला नाही," सिस्टर म्हणाल्या. "माझं बोलणं म्हणजे त्याला शास्त्र. जाऊन मुलीला नाही म्हणून आला. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं."

"आणि ते 'नको' कुठून आलं होतं?"

"चर्चच्या मंडळीतले लोक काय म्हणतील, ही माझी भीती होती. आणि तो गेला की मी एकटी पडेन, ही त्याहून मोठी. दोन वर्षांनी मला ते कळलं. तेव्हाच त्यानं विचारलं, ताई, तो आवाज देवाचा होता की तुझा? मी म्हटलं, देवाचा." त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं. "हे खोटं मी जाणूनबुजून बोलले. आधीची चूक होती. हे पाप."

भाऊ त्याच आठवड्यात मुंबईला गेला. छापखान्यात लागला. लग्न केलं नाही. दर नाताळाला एक कार्ड यायचं, त्यावर नुसती सही. असं चौतीस वर्षं.

सिस्टरांनी आतून वह्यांचा गठ्ठा आणला. रोज सकाळी जे मनात येई ते त्या लिहून ठेवायच्या. प्रत्येक पानावर सगळ्यात वर एकच प्रश्न होता, भावाकडे जाऊ का? आणि त्याच्याखाली, त्यांच्या सरळ, नर्सच्या अक्षरात, आज काही नाही. मी पानं उलटत गेले. आज काही नाही. आज काही नाही. ताप असेल त्या दिवशीही, नाताळच्या सकाळीही.

मी लहान होते आणि रागावलेली होते, म्हणूनच बोलू शकले. "सिस्टर, माफी मागायला परवानगी लागते का?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातली वही घेतली आणि मिटली. त्यानंतर चार दिवस त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. आता खोली सोडावी लागणार, असं मी धरून चालले होते. मधे एकदा त्या कुंपणाशी उभ्या राहून नानांशी बोलताना दिसल्या. नानांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. "मला वाटलं हुतं, भाऊ तुमचा वारला असंल," ते म्हणत होते. "इतक्या वर्सांत नाव कधी काढलंत न्हाय. आता मला इचारताय तर सांगतो. जावा." सिस्टरांच्या बाजूनं नाना बोलले, ते त्या एकाच वेळी.

शनिवारी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. नवी साडी, हातात पर्स. "मांडव्याला सोडशील?"

"विचारलंत?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

मांडव्याला त्यांना मुंबईच्या बोटीत बसवून परत फिरायचं, असं मी ठरवलं होतं. पण तिकिटाच्या रांगेत त्यांनी तीनदा पर्स उघडली आणि पैसे न काढताच मिटली, तेव्हा मी दोन तिकिटं काढली. बोट सुटली. आजूबाजूला सुट्टीसाठी आलेले लोक फोटो काढत होते, पोरं वेफर्स खात होती. सिस्टर ताठ बसून समोर बघत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "देव गप्प नव्हता, पोरी. चौतीस वर्षांपूर्वीच त्यानं सांगितलं असणार. मीच पुन्हा पुन्हा विचारत राहिले. विचारत होते तोवर जावं लागत नव्हतं."

पुढचं आधी सांगून टाकते. त्या पेणच्या मुलाला मी नाही म्हटलं. सिस्टरांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त एक दुसरा मोडा आणून पडवीत ठेवला, आणि पंधरा दिवस मी त्यांच्याशेजारी गप्प बसत होते. मला देव कसा ऐकू येणार? मला आपलं एवढंच ऐकू आलं, की त्या घराचा विचार आला की माझा श्वास वर अडकतो. आई वर्षभर धुसफुसत राहिली. मग सिस्टरच एकदा माणगावला गेल्या, आमच्या ओटीवर बसून आईला भावाची सगळी हकिकत सांगितली, माफी मागितली, आणि तांदूळ छान होते म्हणाल्या. तिथून दोघींचं इतकं जमलं, की पुढं आई मला भेटायला येते म्हणून यायची आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात बसायची.

भाऊ आधी महिन्यातून एकदा बोटीनं यायला लागला. छापखाना बंद पडल्यावर कायमचाच आला. दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत होत नसे. कालवणात कोकम किती घालायचं ह्यावरून रोज वाद. तो आठ वाजेपर्यंत झोपायचा, आणि सिस्टर पडवीतून उठल्या की आधी त्याचा चहा ठेवायच्या. रेवदंड्याची ती मुलगी आता नातवंडांत रमलेली आजी झाली होती. ती बरी आहे ना, एवढंच त्यानं एकदा विचारलं. बरी आहे, सिस्टर म्हणाल्या. तो विषय पुन्हा निघाला नाही.

दोन वर्षांपूर्वी सिस्टर गेल्या, झोपेत. तेव्हा माझं लग्न होऊन मी पनवेलला होते. मातीला गेले. नाना आणि भाऊ खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होते. चर्चमध्ये पाळकांनी लोकांना साक्ष द्यायला, म्हणजे सिस्टरांविषयी चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा प्रत्येकानं 'मला वाटतं' अशीच सुरुवात केली. कुणी ठरवलं नव्हतं.

पण त्यांची आठवण आली, की मला मातीचा तो दिवस आठवत नाही. तो शनिवार आठवतो. माझगावातली जुनी इमारत, दुसरा मजला, लाकडी जिना. दार उघडलं ते बनियनमधल्या, चष्मा कपाळावर सारलेल्या एका उंच म्हाताऱ्यानं. सिस्टरांचं नाक, सिस्टरांची हनुवटी. तो बघत राहिला. सिस्टरांनी नमस्कार केला नाही, कसा आहेस म्हटलं नाही.

"तो आवाज माझा होता," त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "आणि मी तुझ्याशी खोटं बोलले."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिचा आवाज तेवढा येत होता.

"मला ठाऊक होतं," भाऊ म्हणाला. "तेव्हाच."

"मग तिच्याकडं का गेला नाहीस?"

"तुझ्यावर ढकलता येत होतं म्हणून." त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला. "पण तू यायला पाहिजे होतंस, ताई. मी रोज म्हणायचो, आज येईल."

त्यानं बाजूला होऊन आम्हाला आत घेतलं, खाटेवरची वर्तमानपत्रं उचलली आणि पडद्यामागच्या ओट्याशी गेला. भांड्यांचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच आला नाही. मी उठायला लागले, तर सिस्टरांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. मग पडद्यामागून त्याचा आवाज आला. घसा साफ करून, अगदी साधा.

"ताई, साखर किती घेतेस हल्ली?"

सिस्टरांना मधुमेह होऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांचं रक्त दर महिन्याला मीच तपासायची. साखरेचा कण त्या तोंडात घालत नसत. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्या पुसतही नव्हत्या.

"पहिल्यासारखीच," त्या म्हणाल्या. "दोन चमचे."